डाव्या हाताचं माप

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापणीची माणसं पुन्हा दिसू लागतात. होडी अर्धवर्तुळ घेत जाळं सोडत जाते आणि त्याच्या दोन दोऱ्या किनाऱ्यावर दोन ठिकाणी येतात. दोन्हीकडे माणसं लागतात. पाय वाळूत रोवायचे, अंग मागे टाकायचं आणि ओढत राहायचं. जाळं जवळ येतं तशा दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात. एका बाजूने घाई केली तर जाळं तिरकं होतं आणि मासळी मोकळ्या बाजूने निघून जाते. म्हणून एखादा जुना रापणकार मधे उभा राहून दोन्हीकडे बघत असतो आणि मधेच ओरडतो, "सारख्यान ओढा रे, एक बाजू फुडे जाता हा!"

त्या माणसांची शरीरं मी लहानपणापासून बघत आलो आहे. पाठीच्या मधोमध खोल पन्हाळ, कोपरापासून मनगटापर्यंत दोरखंडासारख्या शिरा. पण छाती बेताची, कारण रापणीत ढकलायचं काम कुणालाच नसतं. माडावर चढणाऱ्या पाडेल्याची पकड आणि मांडीची आतली बाजू लोखंडासारखी असते, खांदे मात्र पुढे झुकलेले. चिरेखाणीवर 25-30 किलोचा चिरा दिवसभर एकाच खांद्यावर वाहणाऱ्याचा तो खांदा चाळिशीत खाली उतरलेला दिसतो. मासळीची पाटी डोक्यावरून बाजारात नेणाऱ्या बायांची मान आणि कणा सरळसोट, पण गुडघे लवकर बोलू लागतात. ही सगळी माणसं बळकट आहेत. तरीही काम शरीराला जेवढं लागतं तेवढंच घडवतं. ज्या भागाची कामाला गरज नाही, त्याच्याकडे ते वळूनही बघत नाही.

त्या उरलेल्या भागाकडे बघायची जागा म्हणजे व्यायामशाळा. गेल्या पावसाळ्यात मी मालवण परिसरातल्या एका व्यायामशाळेत बऱ्याच संध्याकाळी जाऊन बसलो. पत्र्याची शेड, एका भिंतीला आरसे, मागे माडांची बाग. खाऱ्या हवेने लोखंड गंजतं, म्हणून दांड्यांना आणि प्लेटांना दर आठवड्याला तेलाचं फडकं मारावं लागतं. येणाऱ्यांत रिक्षावाले, कॉलेजची मुलं, हॉटेलात काम करणारे आणि तारकर्लीला पर्यटकांच्या पाठीवर स्कूबाच्या टाक्या चढवणारे तरुण होते. एक मुलगा रोज छाती आणि दंडाचाच व्यायाम करायचा आणि नेहमी पूर्ण पँट घालून यायचा. तिथले प्रशिक्षक स्वतः एके काळी स्पर्धेच्या मंचावर उभे राहिलेले. त्यांनी त्याला एक दिवस आरशापासून दूर नेलं आणि म्हणाले, "आरशात फुडचा दिसता. मागचा कोन बघतलो? वर वड नि खाली शेगलाची फांदी!" आमच्याकडे शेवग्याला शेगूल म्हणतात. पानं औषधी, शेंगा गोड, पण फांदीवर पाय ठेवला तर ती मोडणारच. दुसऱ्या दिवशी तो मुलगा हाफ पँट घालून आला.

शब्दाच्या पोटात

'शरीरसौष्ठव' हा शब्द आपण स्पर्धेच्या फलकांवर इतका वाचतो की त्याचा अर्थ 'फुगलेले स्नायू' असाच होऊन बसला आहे. मूळ शब्दात फुगण्याचा पत्ताही नाही. 'सुष्ठु' म्हणजे नीट, उत्तम. भरताच्या नाट्यशास्त्रात 'सौष्ठव' ही नटाच्या अंगाबद्दलची पारिभाषिक संज्ञा आहे. कंबर आणि कान एका रेषेत, कोपर, खांदे आणि मस्तक सम, छाती उचललेली, अंगात वाकडेपणा नाही की चंचलपणा नाही, अशा उभं राहण्याला भरत सौष्ठव म्हणतो. अंगाला तेल लावून नटाने व्यायाम करावा, हेही तो त्याच ओघात सांगतो. रात्री मंदिरासमोर दशावतारातला राजा नुसता येऊन उभा राहतो आणि अख्खी जत्रा गप्प होते, तेव्हा भरताला काय म्हणायचं होतं ते कळतं.

सुश्रुताने व्यायामाचे फायदे मोजताना शरीराची वाढ आणि कांती यांच्या जोडीला गात्रांची 'सुविभक्तता' सांगितली आहे. अवयव आपापल्या जागी नीट वाटलेले असणं, एक दुसऱ्यात न मिसळता उठून दिसणं, हा त्याचा अर्थ. आजची मुलं ज्याला 'कट्स' म्हणतात त्याला इतका नेमका शब्द आपल्याकडे कधीपासून पडून आहे. त्याच सुश्रुताने मर्यादाही घातली: व्यायाम निम्म्या शक्तीपर्यंतच करावा, आणि श्वास तोंडावाटे येऊ लागला की ती निम्मी शक्ती वापरून झाली असं समजावं.

प्रमाणाचा विचार आपल्या मूर्तिकारांनी फार बारकाईने केला. 12 अंगुलांचा एक ताल आणि नवताल मूर्तीची उंची 108 अंगुलं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत माणसाच्या उंचीचीही मापं आहेत: 108 अंगुलं उत्तम, 96 मध्यम, 84 कनिष्ठ. हे अंगूल ज्याचं त्याचं असतं. चरकानेही शरीर मोजायला त्या माणसाचीच बोटं घेतली आणि उंचीइतकीच पसरलेल्या हातांची लांबी असेल त्या शरीराला सम म्हटलं. शेजाऱ्याच्या दंडाशी आपला दंड लावून बघायची सोयच या मोजणीत नाही. आपला हात आपल्याच पायाशी ताडून बघायचा.

टेप घेऊन आलेली माणसं

आधुनिक शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा 14 सप्टेंबर 1901 रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाली. ती भरवली युजेन सँडोने. त्याच्यासोबत परीक्षक होते शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल आणि शिल्पकार चार्ल्स लॉज. स्नायूंची स्पर्धा तपासायला शिल्पकार बोलावला, यातच सगळं आलं. निकषांत एकूण विकास होता, तसा विकासातला समतोल होता, आरोग्य होतं, कातडीची स्थितीही होती. सर्वांत आडदांड दिसतो म्हणून कुणाला बक्षीस मिळणार नव्हतं. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे पहिला आला. सँडो पुढे 1904-05 च्या सुमारास भारतात आला आणि त्याचे डंबेल्स, स्प्रिंगा आणि छायाचित्रं आपल्याकडच्या तालमींच्या भिंतींपर्यंत पोचली.

1950 साली मिस्टर युनिव्हर्स झालेल्या स्टीव्ह रीव्ह्जची मान, दंड आणि पोटरी ही तिन्ही मापं एकसारखी, साधारण साडेअठरा इंच होती. पोटऱ्यांवर मेहनत घ्यायला कुणाला आवडत नाही. अर्नोल्ड श्वार्झनेगरलाही आवडत नव्हती. आपल्या पोटऱ्या कमी पडतात हे उमगल्यावर त्याने व्यायामाच्या पँटचे पाय कापून टाकले, म्हणजे उणीव रोज सगळ्यांना दिसेल आणि आपल्याला चैन पडणार नाही. मालवणच्या त्या मुलाला ही गोष्ट ठाऊक नव्हती. त्याच्या प्रशिक्षकांनी मात्र त्याच्याकडून तेच करून घेतलं.

मला सर्वांत जवळचे वाटतात ते बंगालचे मनोहर आइच. उंची जेमतेम 4 फूट 11 इंच. ब्रिटिशांच्या हवाई दलात असताना अधिकाऱ्यावर हात उचलला म्हणून तुरुंगात गेले आणि तिथेच त्यांनी व्यायामाला खरी धार लावली. 1952 साली ते त्यांच्या उंचीच्या गटात मिस्टर युनिव्हर्स झाले आणि 2016 साली 104 वर्षांचे होऊन गेले. त्यांचं जेवण होतं भात, डाळ, मासे, भाजी, दूध. हे ताट मालवणच्या कुठल्याही घरातलं वाटावं असं आहे. उंची त्यांच्या हातात नव्हती. पण त्या उंचीला शोभेल असं प्रमाण त्यांनी घडवलं, आणि फोटोत ते एकटे उभे असले की ते बुटके आहेत हे ध्यानातही येत नाही.

पडवीतली तालीम

मला ही ओढ लावली माझ्या काकांनी. ते लालबागला गिरणीत होते.  कोकणातल्या घराघरातला एक जण तरी तेव्हा मुंबईत चाकरमानी असायचा. गावकऱ्यांची खोली, खानावळीचं जेवण, पाळीप्रमाणे झोप. आणि चाळींच्या आधाराने उभ्या राहिलेल्या व्यायामशाळा. लाल माती, मल्लखांब, जोडी, करेला, दोन-चार बारबेल. दिवसभर सूत आणि धूळ छातीत घेणाऱ्या माणसांना शरीर आपलं आहे, मालकाचं नाही, याची खात्री तिथे पटायची. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार त्यात उतरले, आणि त्यांतले कितीतरी कायमचे गावी परतले. काका त्यांतले एक. ट्रंकेत कपड्यांबरोबर त्यांची मुद्गलांची जोडी होती.

गिरणगावच्या या व्यायामशाळांमागे मोठी परंपरा उभी होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट देवधरांनी मल्लखांबाला नवं आयुष्य दिलं. 1914 साली अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. दादरचं समर्थ व्यायाम मंदिर 1925 चं. तिथले उदय देशपांडे यांनी मल्लखांब देशोदेशी नेला आणि 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारासाठी झटले. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 1936 ते 1949 या वर्षांत दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश सिद्ध केला. देशी व्यायामाचं इतकं तपशीलवार काम एका माणसाच्या चिकाटीतून मराठीत झालं, याचा मला फार अभिमान वाटतो.

या जुन्या व्यायामात समतोल रचलेलाच होता. जोर मारले की छाती, खांदे आणि दंडाची मागची बाजू. बैठकांनी मांड्या. मल्लखांबाने पाठ, पकड आणि पोट. मुद्गल आणि करेल्याने खांद्याचा सांधा सगळीकडून फिरायचा. नुसते जोर मारणारा खांद्यात पुढे वाकतो, हे वस्तादांना ठाऊक होतं, म्हणून मल्लखांब चुकवायला परवानगी नसायची.

आमच्या पडवीत मल्लखांब नव्हता, पण विहीर होती. काका मला रहाटाची दोरी ओढायला लावायचे. सात-आठ कळश्या झाल्या की म्हणायचे, "आता डाव्यान." मग भरलेली कळशी न्यायची तीही डाव्या हाताने. मी रडकुंडीला यायचो, पाणी पायावर सांडायचं. उजव्या हाताने दहा कळश्या काढणारा मुलगा डाव्या हाताने तीनच काढतो, तर त्याची ताकद तीनच कळश्यांची, असा त्यांचा हिशोब होता.

कमकुवत बाजू आधी

व्यायामशाळेत बसून मी जे बघितलं ते काकांच्या हिशोबाचं आजचं रूप आहे. नवा मुलगा आला की प्रशिक्षक टेप काढतात. मान, खांदे, छाती, दोन्ही दंड, कंबर, दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या. मग समोरून, बाजूने आणि पाठमोरा असे तीन फोटो. दर चार आठवड्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात तेच फोटो पुन्हा. वजनकाटा तेवढा सांगत नाही.

मग आखणी होते. जो भाग मागे आहे त्याचा व्यायाम आठवड्याच्या पहिल्या दिवशी, अंगात ताजी ताकद असताना. प्रत्येक भागाला आठवड्यातून दोनदा पाळी. छातीचे जितके सेट, किमान तितकेच पाठीचे. खांदे पुढे आलेले असतील तर पाठीचे जास्त. डाव्या-उजव्यात फरक असेल तर बारबेल बाजूला ठेवून डंबेल हातात घ्यायचं, कारण बारबेलमध्ये बळकट हात कमकुवत हाताचं काम गुपचूप उचलतो. सुरुवात कमकुवत हाताने करायची आणि त्याने जेवढे रेप्स काढले तेवढेच बळकट हाताने. उजव्याने आणखी चार निघत असले तरी थांबायचं. मुलांना हे थांबणं सर्वांत जड जातं. वजन मात्र हळूहळू वाढलंच पाहिजे, नाहीतर स्नायूला बदलायचं कारण उरत नाही.

स्पर्धेतही परीक्षक हेच शोधतात. आधी सगळ्यांना सैल उभं करून पाव-पाव वळण घ्यायला लावतात. समोर, बाजू, पाठ, दुसरी बाजू. बांध्याचं प्रमाण इथेच उघडं पडतं. मग ठरलेल्या पोझेस. पुढून दंड दाखवताना लपलेली पोटरी पाठमोऱ्या पोझमध्ये लपत नाही. कोल्हापूरचे सुहास खामकर 2010 साली मिस्टर एशिया झाले, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या लहान गावांतल्या मुलांनाही हा मंच आपला वाटू लागला. पण त्या मंचावर न जाणाऱ्यालाही पाव-पाव वळण घेऊन बघायला हरकत नाही.

काही गोष्टी कुणाच्या हातात नसतात. खांद्याच्या हाडांची रुंदी, पोटरीचा स्नायू घोट्याच्या किती वर संपतो, धड लांब की पाय लांब, हे आईबापांकडून येतं. पण खांद्याची बाहेरची बाजू आणि बगलेखालची पाठ भरली, कंबरेची चरबी उतरली, की अरुंद हाडांचा माणूसही रुंद दिसतो. मूर्तिकार जसा दगडाची शीर बघून छिन्नी चालवतो, तसं आपल्या हाडांकडे बघून व्यायाम आखावा लागतो.

सकाळी दहा ते बारा ही वेळ त्या शेडमध्ये बायकांची असते. गुडघे दुखतात म्हणून आलेल्या एका मावशी आता खांद्यावर दांडा घेऊन नीट बसून उठतात. पाटी वाहून त्यांची मान पक्की झालीच होती. मांडी आणि कंबर कुणी पक्की केली नव्हती. चाळिशीनंतर बाईच्या हाडांची झीज वाढत जाते आणि वजनाचा व्यायाम हाडांना बळ देतो. सौष्ठव हा पुरुषांचा मक्ता नाही, हे त्या मावशींच्या चालण्यात दिसतं.

बांगडा, कुळीथ आणि सुई

खाण्याबद्दल मुलं सर्वांत जास्त विचारतात आणि सर्वांत जास्त फसतात. बैठं काम करणाऱ्या माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. वजनं उचलून स्नायू वाढवणाऱ्याला साधारण 1.6 ग्रॅमपर्यंत घेतल्याचा फायदा होतो, हे अनेक प्रयोग एकत्र तपासून दिसलं आहे. म्हणजे 65 किलोच्या मुलाला दिवसाला 104 ग्रॅम. आता आपलं ताट बघा. तीन अंडी 18 ग्रॅम. दोन मध्यम बांगडे, काटा काढून दीडशे ग्रॅम मासळी धरली तर 29. कुळथाची पिठी किंवा उसळ, कोरडा कुळीथ 50 ग्रॅम, त्यातून 11. तितक्याच काळ्या वाटाण्यांची उसळ, 10. अर्धा लिटर दूध, 16. दिवसभराचा भात-भाकरी, 20. बेरीज 104. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या दिवसांत अंडी आणि कडधान्यं वाढवायची. सुकी मासळी चालते, पण तिच्यातलं मीठ धुऊन. पावडर वाईट नाही, ती दुधाचंच सत्त्व आहे. पण मच्छीमाराच्या पोराने कर्ज काढून डबा आणावा आणि घरचा बांगडा बाजारात जावा, हे बघून जीव तुटतो.

त्याहून जीव तुटतो सुईने. स्टेरॉइडने स्नायू लवकर फुगतात हे खरं आहे. पण शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पडतं, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयाची भिंत जाड होते, गोळ्यांनी यकृत बिघडतं. ऑपरेशनच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्याचं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन व्यायामाआधी टोचून घेणाऱ्या मुलांच्या आणि त्याच्या बेकायदा विक्रीच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात. मोहम्मद बेनाझिझा हा उत्तम बांध्याचा खेळाडू 1992 साली नेदरलँड्समध्ये स्पर्धा संपल्यावर काही तासांत गेला. मंचासाठी शरीरातलं पाणी उतरवलं होतं. बाहेरून प्रमाण आणि आत हृदय एकटंच फुगलेलं, याला सौष्ठव कसं म्हणायचं? ज्या अवयवाचा फोटो निघत नाही, तोही प्रमाणात असला पाहिजे. मंचावर जायची स्वप्नं बघणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईबापांना मला हेच सांगायचं आहे: त्याचा व्यायाम थांबवू नका, पण त्याच्या घाईवर लक्ष ठेवा. दंडाचा एक इंच नैसर्गिकपणे वाढायला कित्येक महिने जातात, आणि ते महिने देण्यातच मुलगा घडतो.

शेवटचा सेट

मुक्काम संपायच्या दिवशी मी प्रशिक्षकांना म्हटलं, माझंही माप घ्या. मी पन्नाशी ओलांडली आहे आणि आयुष्य टेबलाशी गेलं आहे. त्यांनी टेप लावला. उजवा दंड साडेबारा इंच, डावा बारा. मांड्यांत अर्ध्या इंचाचा फरक, उजवा खांदा किंचित खाली. कागद माझ्या हातात देत ते म्हणाले, "काका, वरसां गेली तुमची उजव्या हातान लिवण्यात."

त्यांनी एका बाकावर गुडघा टेकवून उभं राहायला सांगितलं, डंबेल ओढण्यासाठी. मी सवयीने उजवा हात पुढे केला. मग थांबलो. बाहेर पाऊस माडांवर वाजत होता आणि मला विहिरीच्या रहाटाचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं. डंबेल डाव्या हातात घेतलं. आठ झाले. नववा कोपरापर्यंत येऊन अडला, तो कसाबसा पुरा केला. मग उजव्या हातात घेतलं आणि तेही नवावरच खाली ठेवलं.